आकडा तोच, दारू वेगळी

नांदुऱ्याहून भुसावळकडे निघाले की मलकापूर, बोदवड मागे पडून वरणगाव येते. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत सैन्याच्या रायफलींची काडतुसे भरली जातात. पुंगळीत कुठली दारू आणि किती घालायची, हे तिथे यंत्रावरचा कामगार ठरवत नाही. दारूच्या प्रत्येक लॉटचा दाब चाचणीच्या नळीत मोजला जातो आणि त्यावरून माप बांधून दिले जाते. दारू बदलली की माप नव्याने बांधायचे, एवढा साधा नियम आहे.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात हेच काम हजारो माणसे घरच्या टेबलावर करतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरायची: नवी टोपी, मोजून दारू, वर नवी गोळी. याला तिकडे हँडलोडिंग किंवा रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी जे शिकारीकडे किंवा लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळले, त्यांची या कामाशी गाठ कधी ना कधी पडतेच. मग एक जुना प्रश्न समोर येतो. दुकानात नेहमीची दारू नाही, शेजारच्या फळीवर जवळजवळ त्याच नावाची दुसरी आहे. ती चालेल का? चालत असेल तर कशी? या प्रश्नावर पन्नासेक वर्षे वाद चालू आहे. तो कुठपर्यंत आला, हे पाहण्यासाठी हा आढावा.

दाबाचे गणित

सुरुवात दारूपासून करावी लागेल. सोरा, कोळसा आणि गंधक सुमारे ७५, १५ आणि १० या प्रमाणात मिसळून होणारी काळी दारू आपल्याला शिवकाळापासून ओळखीची. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली आणि बंदुकीचे जगच पालटले. आज रायफलची दारू दोन घराण्यांची असते. एकीत जळणारा पदार्थ फक्त नायट्रोसेल्युलोज, दुसरीत जोडीला नायट्रोग्लिसरीन. दाणे कधी बारीक नळकांड्यांचे, कधी गोल, कधी चपट्या चकत्यांचे. दाण्याचा आकार, त्यातले छिद्र आणि वरचा रासायनिक लेप यांवरून दारू किती वेगाने जळणार ते ठरते.

दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचे सगळे एक हजारांश सेकंदाच्या आसपास उरकते. तेवढ्यात .३०-०६ या परिचित रायफल काडतुसातला दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि तीच त्याची मान्य कमाल मर्यादा आहे. हवेच्या दाबाच्या हा सुमारे ४००० पट होतो. वेगाने जळणारी दारू हा दाब लवकर गाठते, सावकाश जळणारी उशिरा. गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढते, म्हणून सावकाश दारू जास्त भरता येते. तेच माप वेगवान दारूचे भरले, तर गोळी हलायच्या आतच दाब मर्यादा ओलांडतो. दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते आणि दाब आणखी वाढतो. म्हणूनच मापात थोडीशी वाढ झाली तरी दाब त्या प्रमाणात न वाढता कितीतरी पुढे निघून जातो.

४८३१ ची कथा

वादाचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भंगार बाजारात आहे. ड्यूपाँ कंपनीच्या सैनिकी दारूंना 'इम्प्रूव्ह्ड मिलिटरी रायफल' या नावावरून आयएमआर म्हणत आणि पुढे चार आकडी क्रमांक लावत. युद्ध संपल्यावर सरकारकडे अशी दारू टनावारी पडून राहिली. कॅन्सासच्या ब्रूस हॉजडन याने ती विकत घेऊन छंदी लोकांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. पहिली ४८९५. पुढे ४८३१ आली. ती मुळात २० मिलिमीटर तोफेची, त्यामुळे सावकाश जळणारी. मोठ्या पुंगळीच्या शिकारी रायफलींना ती फारच मानवली. जॅक ओकॉनर या शिकारी लेखकाने .२७० विंचेस्टरसाठी तिची इतकी भलावण केली की '४८३१' हा आकडा त्या रायफलीशी जोडलाच गेला. त्या काळातल्या लेखांत, माहितीपुस्तकांत नुसते '४८३१' एवढेच छापलेले असे. दुसरी ४८३१ बाजारात नव्हतीच, तेव्हा खुलासा करायची गरज कुणाला वाटणार?

साठा संपत आल्यावर हॉजडनने तीच दारू नव्याने बनवून घ्यायला सुरुवात केली. ती एच ४८३१. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूपाँनेही आपल्या नावाने आयएमआर ४८३१ बाजारात आणली. क्रमांक तोच, मूळही एकच. पण ही दारू एच ४८३१ पेक्षा वेगाने जळते. जुन्या लेखातला '४८३१' चा कमाल आकडा बघून कुणी नवी आयएमआर भरली, की दाब मर्यादेबाहेर. पुस्तकात चूक नव्हती, डब्यावरही नव्हती. छापील माहिती आणि नवा माल यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर पडले होते, एवढेच.

वादातल्या बहुतेक सगळ्या भूमिका आजही या एका उदाहरणाभोवती फिरतात. माझ्या मते तेच योग्य आहे. कुणी निष्काळजी नसतानाही अपघात कसा घडू शकतो, हे इतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण सापडत नाही.

नावांचा गुंता

४८३१ ची कथा नावे सारखी आणि दारू वेगळी असल्याची. याच्या उलटही आहे. हॉजडनची एच ११० आणि विंचेस्टरची डब्ल्यू २९६ ही एकच दारू, दोन डब्यांत. एचपी ३८ आणि डब्ल्यू २३१ यांचेही तसेच. हॉजडनने २००३ मध्ये आयएमआरचा व्यवसाय घेतला आणि २००६ पासून विंचेस्टरच्या नावाने निघणाऱ्या दारूही तीच विकू लागली. एकेकाळचे प्रतिस्पर्धी क्रमांक एका छपराखाली आले, पण दारू मात्र पूर्वीइतक्याच वेगळ्या किंवा पूर्वीइतक्याच एक राहिल्या. ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यात बनणारी एआर २२०९ अमेरिकेत एच ४३५० म्हणून विकली जाते, तर एआर २२१३ एससी तिथे एच ४८३१ एससी होते. सिडनीतला माणूस आणि शिकागोतला माणूस वेगवेगळी नावे घेऊन एकाच दारूविषयी बोलत असतात.

शेवटी जोडलेली अक्षरे आणखी घोळ घालतात. एच ४८३१ एससी म्हणजे त्याच दारूचे आखूड कापलेले दाणे. मापकातून ते सहज ओघळतात आणि कंपनी दोन्हींना एकच माप देते. मात्र फिनलंडच्या विहटावुओरीची एन १४० आणि एन ५४० घ्या. फरक एका आकड्याचा, पण दुसरीत नायट्रोग्लिसरीन आहे, पहिलीत नाही. एकीकडे दोन जादा अक्षरांनी काही बिघडत नाही, दुसरीकडे एका आकड्याने सगळे बदलते. हे ओळखायला नुसते वाचता येऊन भागत नाही, कंपनीची रीत ठाऊक असावी लागते.

सर्वांत वाईट जोडी एच ३८० आणि एचपी ३८ ची. पहिली रायफलची, सावकाश जळणारी. दुसरी पिस्तुलाची, वेगवान. रात्री कंटाळलेल्या डोळ्यांनी फळीवरून डबा उचलला तर 'एच', 'तीन', 'आठ' एवढेच दिसते. पिस्तुलाची दारू रायफलच्या मापाने भरली तर बंदूक फुटते, यावर कुणाचेही दुमत नाही.

आपल्याकडे कृषी केंद्रातून १०:२६:२६ ची गोणी आणणाऱ्याला त्या आकड्यातच नत्र, स्फुरद, पालाश किती ते कळते. दारूच्या क्रमांकातून असे काहीही कळत नाही. ४३५० म्हणजे ४८३१ पेक्षा किती वेगवान याचे उत्तर त्या आकड्यांत नाही. तरीही माणूस आकडा बघून अदमास बांधतोच.

सैन्याचा अनुभव

हा प्रश्न घरगुती टेबलापुरता असता तर त्याची इतकी चर्चा झाली नसती. पण सरकारी कारखान्यांनाही तो चुकला नाही. ब्रिटिशांच्या कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या पहिल्या प्रकारात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के होते. बोअर युद्धानंतर नळ्या झिजतात म्हणून ते ३० टक्क्यांवर आणले आणि सुधारित माल आला. दोन्ही कॉर्डाइटच. निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कारखान्याचे तर नावच कॉर्डाइट फॅक्टरी. पुढे .३०३ काडतुसात कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू भरली, तेव्हा लष्करी खात्याने काडतुसाच्या खुणेत 'झेड' अक्षर जोडले. मार्क ७ चे मार्क ७ झेड झाले. गोळी तीच, रायफल तीच, तरी दारू बदलल्याची खूण पितळेवर उमटली पाहिजे, ही शिस्त तेव्हाची.

अमेरिकी सैन्याने १९६४ च्या सुमारास ५.५६ मिलिमीटर काडतुसात आयएमआर ४४७५ ऐवजी डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची दारू घेतली. गोळीचा वेग ठरल्याप्रमाणे मिळत होता. पण एम १६ रायफल त्या दारूवर जास्त वेगाने फैरी झाडू लागली आणि आतली घाणही वाढली. व्हिएतनाममध्ये रायफली अडकू लागल्यावर अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली. दोष एकट्या दारूचा नव्हता. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचे साहित्य पुरेसे दिले गेले नव्हते. तरीही गोळीचा वेग जुळला म्हणजे दारू जुळली असे मानू नये, हा त्यातून निघालेला धडा पुढच्या वादात दोन्ही बाजू वापरतात.

चार मतप्रवाह

पहिला पक्ष सनातनी म्हणता येईल. डबा बदलला की दारू नवी. नावात कितीही साम्य असो, माहितीपुस्तकातले त्या नेमक्या दारूचे किमान माप घ्यायचे आणि तिथून पायरी पायरीने वर यायचे. किमान माप दिले नसेल तर कमाल मापापेक्षा १० टक्के खाली सुरुवात. एच ११० आणि डब्ल्यू २९६ एकच आहेत हे या लोकांना ठाऊक असते, पण सवय मोडायला ते तयार नसतात. आज हीच दारू, उद्या कंपनीने कारखाना बदलला तर? त्यांच्या या शंकेला इतिहासाचा आधार आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, जिथे कंपनी स्वतः 'एकच दारू' सांगते तिथे दोन वेगळी सूत्रे बाळगणे म्हणजे निव्वळ कर्मकांड. उलट त्यामुळे खऱ्या फरकाकडे दुर्लक्ष होते. प्रत्येक ठिकाणी 'सावधान' लिहिले की ते कुणीच वाचत नाही. या मुद्द्यात तथ्य आहे. मात्र 'कंपनी सांगते' आणि 'कुणीतरी सांगते' यांतली रेषा व्यवहारात पुसट होते, हे या पक्षालाही मान्य करावे लागते.

तिसरा पक्ष मोजमापवाल्यांचा. गोळीचा वेग मोजणारे क्रोनोग्राफ आता स्वस्त आणि सोपे झाले आहेत. २०२३ मध्ये आलेल्या गार्मिनच्या छोट्या रडारने तर तंबूत बसल्याबसल्या वेग कळतो. शिवाय संगणकावर दाबाचा अंदाज देणारे प्रोग्रॅम आहेत. पुस्तकात दिलेल्या वेगापेक्षा तुमचा वेग जास्त येत असेल तर दाबही जास्त आहे, असा यांचा साधा हिशेब. त्या दिशेने तो बरोबरच आहे. उलट दिशेने मात्र चालत नाही: वेग बेताचा आला म्हणून दाब बेताचा असेलच असे नाही. वेगवान दारूचा दाब लवकर शिखर गाठतो आणि कमी वेगातही ते शिखर मर्यादेबाहेर असू शकते. एम १६ च्या कथेत दुखणे वेगळे होते, पण वेगाच्या आकड्याने तिथेही ते झाकूनच ठेवले होते.

चौथा आवाज उत्पादकांचा, आणि तो सर्वांत सावध. त्यांची माहिती त्यांच्या दारूपुरती, त्यांच्या चाचणीच्या नळीपुरती, सांगितलेल्या पुंगळी आणि टोपीपुरती. बदली दारू सुचवायला ते सहसा तयार नसतात. ज्वलनवेगाचे तक्ते छापतात, पण खाली टीप असते की यावरून माप ठरवू नये. वाचक टीप वगळतो आणि तक्ता भिंतीवर लावतो. तक्त्यातल्या क्रमावरून कोण वेगवान ते कळते, किती वेगवान ते नाही. शेजारच्या दोन ओळींतले अंतर केसाइतके असू शकते किंवा हातभर. आणि दोन कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी पूर्ण जुळतीलच असेही नाही.

टेबलावर काय चालते

मतभेद बाजूला ठेवले तर रोजच्या कामाच्या शिस्तीवर बरेच एकमत आहे. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपले की मापकातली दारू लगेच तिच्याच मूळ डब्यात, दुसऱ्या बरणीत नाही, कारण बरणीवरची चिठ्ठी निघते आणि मग ती दारू कुणाची ते कुणालाच सांगता येत नाही. कुठली ते माहीत नसलेली दारू वापरायची नाही. 'दाणे सारखे दिसतात' हे प्रमाण नाही. नळकांड्यांसारख्या दाण्यांच्या डझनभर दारू करड्या-काळ्या, सारख्याच चकाकतात. दोन दारू मिसळून मधला वेग मिळत नाही. हलके आणि जड, बारीक आणि जाड दाणे डब्यात हलून थरांत बसतात आणि प्रत्येक पुंगळीत वेगळेच मिश्रण जाते.

वजन ग्रेनमध्ये असते. ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम. ग्रॅमवर चालणाऱ्या मराठी घरातल्या माणसाने इथे मनात रूपांतर करायला जाऊ नये. तराजू ग्रेनवर लावावा आणि तिथेच ठेवावा. जुन्या पुस्तकांतले दाबाचे आकडे तांब्याच्या चुरगळण्यावरून काढलेले, नव्यांतले विद्युत संवेदकाने मोजलेले. .३०-०६ ची मर्यादा एका पद्धतीत ५०,००० तर दुसरीत ६०,००० येते, म्हणून दोन पुस्तकांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. टोपी चपटी झाली, बोल्ट जड उघडला, ही जास्त दाबाची लक्षणे सगळे सांगतात. ती दिसली तर थांबायचेच. पण पुष्कळदा ती मर्यादा ओलांडून गेल्यावरच दिसतात. न दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

न सुटलेले

पहिली अडचण लॉटची. किरकोळ डब्यातली दारू कंपनी मिश्रण करून मानकाच्या जवळ आणते. कारखान्यांना ठोक जाणारी दारू तशी नसते. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये किती फरक चालेल हे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. नाव बदलल्यावर इतकी खबरदारी घ्यायची, तर लॉट बदलल्यावर किती? थोडे खाली येऊन पुन्हा तपासावे, एवढे बहुतेक मान्य करतात. किती खाली, यावर नाही.

दुसरी तापमानाची. काही दारू उन्हात जास्त दाब देतात, हॉजडनच्या 'एक्स्ट्रीम' मालिकेसारख्या काहींचा फरक कमी ठेवलेला असतो. मिनेसोटाच्या थंडीत ठरवलेले माप टेक्सासच्या उन्हाळ्यात त्याच दाबाने जळेल असे नाही. सारख्या नावाच्या दोन दारू मध्यम हवामानात शेजारी असतील, पण ४५ अंशांवर दूर जाऊ शकतात. नांदुऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतले तापमान पाहता हा मुद्दा इकडच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी नावांच्या मालकीची. अमेरिकेत १९२६ पासून असलेली सामी ही उत्पादकांची संस्था काडतुसांची मापे आणि दाबाच्या मर्यादा ठरवते. दारूला नाव काय द्यावे, हे ती ठरवत नाही. चार आकडी क्रमांक कुणाही कंपनीला वापरता आला, म्हणून ४३५० आज तीन वेगवेगळ्या ब्रँडखाली मिळते. नवे क्रमांक द्या म्हणावे तर जुनी पुस्तके निरुपयोगी होतात. जुनेच ठेवा म्हणावे तर ४८३१ पुन्हा घडते. यातून मार्ग निघालेला नाही.

आपल्याकडे

भारतात या वादाचे रूप वेगळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा येत नाही. स्फोटकांवरचा कारभार पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ रिमफायर काडतुसे वापरतात, ती कारखान्यातूनच भरून येतात आणि पुन्हा भरण्याजोगी नसतात. म्हणजे आपले बहुतेक नेमबाज या प्रश्नाला सामोरे जातच नाहीत.

एका ठिकाणी मात्र दारू आजही हाताने मोजली जाते. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. रोही आणि रानडुक्कर हरभऱ्यात शिरले की रात्री राखणीला बसणाऱ्याला त्या तरतुदीचे मोल कळते. नळीत मापट्याने दारू, वर चिंधी, गजाने ठासायची, मग छर्रे, शेवटी टोपी. ही बंदूक काळ्या दारूची. काळी दारू मापट्याने म्हणजे आकारमानाने मोजतात, आणि थोडे कमीजास्त झाले तर ती बऱ्यापैकी सोसून घेते. तेच मापटे बिनधुराच्या दारूने भरले, किंवा फुटक्या काडतुसातली दारू काढून त्यात ओतली, तर दाब त्या नळीच्या सहनशक्तीच्या कितीतरी पलीकडे जातो. फटाक्याची दारू तर त्याहून बेभरवशाची. इथे तर दोन दारूंची नावे जवळची असायलाही लागत नाहीत. खेडोपाडी दोघींना 'दारू'च म्हणतात.

रायफलीचा परवाना असलेल्या भारतीय शिकारी पिढीकडे मुख्यतः .३१५ बोअर असे, कारण लष्करी .३०३ सामान्य माणसाला मिळत नसे. ती ऑर्डनन्स फॅक्टरीची, आणि काडतुसेही तिथलीच, भरलेली. उद्या कायदा सैल झाला आणि घरी भरण्याची मुभा मिळाली तरी पहिला अडसर नावाचा नसेल, माहितीचा असेल. .३१५ ची पुंगळी ८ मिलिमीटर मानलिखरवरून बेतलेली. अमेरिकी माहितीपुस्तकांत ती सहसा सापडत नाही, आणि तिच्यासाठी एच ४८९५ किंवा आयएमआर ४८९५ यांपैकी कुठलीही दारू किती घालावी, याचे तपासलेले सार्वजनिक माप उपलब्ध झाल्याशिवाय वरच्या चारही पक्षांचा सल्ला सारखाच निघेल: भरू नका.